शाळेच्या संगणक कक्षासाठी मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम : ठाणे आणि नवी मुंबईतील शाळांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे शहर, नवी मुंबई आणि जिल्ह्याच्या ग्रामीण तालुक्यांतील मुख्याध्यापक, संगणक शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. आमचे मत सुरुवातीलाच सांगणे योग्य होईल. या प्रणालीसाठी पैसे पडत नाहीत हा तिचा दुय्यम गुण आहे. शाळेला तिची देखभाल स्वतः करता येते, हा मुख्य. ती देखभाल करणारी निदान एक व्यक्ती शाळेत तयार होणार नसेल, तर घाई करू नये असेच आम्ही सुचवतो.

मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे नेमके काय?

पडदा, कळफलक, डिस्क, प्रिंटर आणि आपण वापरतो ते सर्व प्रोग्राम यांचा मेळ राखणारा पायाभूत सॉफ्टवेअर-संच म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. तिच्या परवान्यानुसार ती कोणत्याही कामासाठी वापरण्याची, तिची मूळ संहिता (सोर्स कोड) वाचण्याची, तिच्या प्रती वाटण्याची आणि तिच्यात बदल करून ते बदल इतरांना देण्याची मुभा असेल, तर ती मुक्त ठरते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेला ग्नू प्रकल्प आणि फिनलंडमध्ये विद्यार्थी असताना लिनस टॉरवल्ड्स यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेला लिनक्सचा गाभा, या दोन कामांतून आजच्या बहुतेक मुक्त प्रणाली उभ्या राहिल्या आहेत.

या चार मुभांपैकी शाळेला रोज उपयोगी पडते ती प्रती वाटण्याची. संगणक शिक्षकांनी एक पेनड्राइव्ह तयार करून कक्षातील सगळ्या संगणकांवर, स्वतःच्या घरच्या लॅपटॉपवर आणि मागेल त्या विद्यार्थ्याच्या घरच्या संगणकावर तीच प्रणाली बसवली, तरी त्यात बेकायदेशीर काहीच नसते. शाळेत एका सॉफ्टवेअरवर शिकायचे आणि घरी ते परवडत नाही म्हणून सराव करायचा नाही, ही अडचण त्यामुळे मुळातच राहत नाही.

विंडोज १० चे अपडेट बंद झाले आहेत. आमचे संगणक आता भंगारात काढायचे का?

तशी गरज नाही. विंडोज १० साठीचे सर्वसाधारण समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि, इंटेलच्या बाबतीत, साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. शाळांमधील बहुतेक संगणक याहून जुने असल्यामुळे ते चालू स्थितीत असूनही अधिकृतपणे पुढे जाऊ शकत नाहीत. शैक्षणिक संस्थांसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची सशुल्क योजना आहे; पण ती मुदतीची आहे आणि तिचा दर दरवर्षी वाढत जातो.

अशा संगणकांवर लिनक्स चांगले चालते. लिनक्सच्या अनेक प्रकारांपैकी लिनक्स मिंट या प्रकाराला किमान २ जीबी रॅम लागते आणि ४ जीबी असल्यास काम सुखाने होते. आमचा आग्रह मात्र एका खर्चासाठी आहे: जुनी फिरती हार्ड डिस्क काढून तिथे छोटी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवावी. प्रोसेसर दहा वर्षांपूर्वीचा असला तरी या एका बदलाने संगणकाचा वेग इतका सुधारतो की तास सुरू झाल्यावर मुलांना पडद्याकडे पाहत बसून राहावे लागत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एकगठ्ठा खरेदी केल्यास भावही बरा मिळतो.

रॅम २ जीबीहून कमी असेल किंवा प्रोसेसर फक्त ३२-बिटचा असेल, तर पर्याय झपाट्याने कमी होत आहेत. डेबियन या लिनक्सच्या आणखी एका प्रकाराच्या २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीने अशा संगणकांवर नव्याने इन्स्टॉल करण्याची सोय थांबवली आहे. ते संगणक सुटे करून अंतर्गत रचना दाखवण्यासाठी वापरावेत. मुलांना मदरबोर्ड हातात घेऊन पाहायला मिळणे, हेही शिक्षणच आहे.

उबुंटू, मिंट, डेबियन, बॉस या लिनक्स प्रणालींपैकी कोणती निवडावी?

पहिल्यांदाच सुरुवात करणाऱ्या शाळेला आम्ही लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती सुचवतो, कारण तिची मांडणी विंडोजची सवय असलेल्या शिक्षकांना परकी वाटत नाही आणि ती जुन्या संगणकावर हलकी चालते. मिंट ही उबुंटूच्या दीर्घ समर्थनाच्या आवृत्तीवर उभी आहे. अशी आवृत्ती दर सम वर्षी एप्रिलमध्ये येते आणि तिला ५ वर्षे अपडेट मिळतात. शाळेने कायम दीर्घ समर्थनाचीच आवृत्ती घ्यावी. मधल्या आवृत्त्या ९ महिन्यांत कालबाह्य होतात.

शाळांसाठी मुद्दाम घडवलेल्या प्रणालीही आहेत. नॉर्वेत २००१ मध्ये सुरू झालेल्या स्कोलेलिनक्सपासून डेबियन एज्यु तयार झाली. एक मुख्य सर्व्हर आणि त्याला जोडलेले संगणक अशी संपूर्ण शाळेची रचना ती एकाच वेळी उभी करून देते. काही वर्षे थांबलेली एज्युबुंटू २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. आपल्याकडे, नवी मुंबईतही केंद्र असलेल्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने डेबियनवर आधारित बॉस ही प्रणाली विकसित केली असून तिची शाळांसाठीची आवृत्तीही काढली आहे. कोणतीही निवडली तरी चालेल. परंतु एका कक्षात एकच असावी, आणि शक्य असल्यास शेजारच्या शाळेत जी आहे तीच असावी, म्हणजे अडचण आल्यावर फोन करून विचारायला माणूस जवळच मिळतो.

भारतात कुठल्या शाळांनी हे प्रत्यक्षात केले आहे?

सर्वांत मोठे उदाहरण केरळचे आहे. तेथे २००१ मध्ये आयटी अ‍ॅट स्कूल हा प्रकल्प सुरू झाला आणि पुढील काही वर्षांत राज्याच्या सरकारी आणि अनुदानित शाळांतील संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर आणले गेले. पाठ्यपुस्तके त्यानुसार लिहिली गेली आणि दहावीची माहिती-तंत्रज्ञानाची प्रात्यक्षिक परीक्षाही त्यावरच होऊ लागली. आता हे काम काइट ही सरकारी कंपनी पाहते. उबुंटूवर आधारलेली शाळांसाठीची स्वतःची प्रणाली ती प्रसिद्ध करते, आणि २०१८ पासून लिटल काइट्स या नावाने शाळाशाळांत विद्यार्थ्यांचे गटही चालवते.

केरळकडून घ्यायचा खरा धडा प्रशिक्षणाचा आहे. तेथे प्रशिक्षक बाहेरून आणले नाहीत. शाळांतल्याच गणिताच्या, विज्ञानाच्या, भाषेच्या शिक्षकांना तयार केले आणि त्यांनी इतर शिक्षकांना शिकवले. कक्षाची कुलूपकिल्ली एकाच कंत्राटी माणसाकडे असलेल्या शाळांनी ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावी.

आपल्या जवळचेही एक उदाहरण आहे. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट या छोट्या वस्तीतील एकशिक्षकी शाळेत २००७ मध्ये ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक उपक्रमाचा भारतातील पहिल्या प्रयोगांपैकी एक झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपवर फेडोरा लिनक्स आणि मुलांसाठी घडवलेला शुगर हा पडदा-परिसर होता. तोच शुगर आज साध्या संगणकावरही बसवता येतो, आणि पहिली ते चौथीच्या वर्गांसाठी तो अजूनही पाहण्याजोगा आहे.

मुलांना पुढे नोकरीत विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसच लागेल. त्यांचे नुकसान होणार नाही का?

हा प्रश्न पालकसभेत हमखास येतो आणि पालकांची काळजी रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर टाळू नये. आज सातवीत असलेली मुलगी नोकरीला लागेपर्यंत जवळजवळ दहा वर्षे जातील आणि तोपर्यंत कोणत्याही कंपनीच्या सॉफ्टवेअरची मेनू-मांडणी आजच्यासारखी राहणार नाही. जिला परिच्छेद-शैली, सूत्रे, तक्ता, फायलींची मांडणी आणि पासवर्डची शिस्त समजली आहे, ती लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस-संचावरून दुसऱ्या ऑफिसवर थोड्याच दिवसांत रुळते. जिने केवळ कोणते बटण कुठे आहे एवढेच पाठ केले आहे, तिला त्याच ऑफिसची पुढची आवृत्तीही अडवते.

शिवाय महापे, ऐरोली किंवा वागळे इस्टेटमधल्या माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांत लिनक्स येणाऱ्या माणसाला किंमत आहे, कारण जगातील बहुतांश सर्व्हर लिनक्सवर चालतात. मुलांच्या हातातला अँड्रॉइड फोनही लिनक्सच्या गाभ्यावरच उभा आहे. एमएस-सीआयटीसारखा अभ्यासक्रम करायचा असल्यास तो केंद्रावर करता येतो, आणि शाळेत लिनक्स शिकलेल्या मुलाला तिथे काही कमी पडत नाही.

मराठी टंकलेखनाचे काय?

येथे थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण आमच्या अनुभवाने शाळा लिनक्स सोडून देतात त्या बहुतेक वेळा याच मुद्द्यावर.

नवीन मजकूर लिहिण्यात कोणतीही उणीव नाही. आयबस ही टंकनसोय आणि तिच्यासोबतचा एम१७एन हा संच बसवला की मराठीसाठी इनस्क्रिप्ट, इनस्क्रिप्ट२ आणि उच्चारानुसारी असे कळफलक उपलब्ध होतात. मुलांना आम्ही इनस्क्रिप्टच शिकवावे असे म्हणतो. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला आहेत, सर्व भारतीय लिप्यांसाठी मांडणी तीच आहे, आणि तो भारतीय प्रमाण कळफलक असल्यामुळे विंडोजवरही तसाच मिळतो. ‘तुऱ्यात’, ‘दुसऱ्या’ या शब्दांतला अर्धा र लिहिताना शिफ्टसह जे कळीवरचा ऱ घ्यावा लागतो, हे पहिल्याच तासाला दाखवावे, नाहीतर मुले ‘दुसर्‍या’ऐवजी ‘दुसर्या’ लिहीत राहतात आणि ती सवय पुढे सुटत नाही.

खरी अडचण जुन्या फायलींची आहे. कार्यालयातील दाखले, प्रश्नपत्रिका आणि इतिवृत्ते श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉण्टमध्ये असतील, तर लिनक्सवर उघडताच त्यांत रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. हा दोष लिनक्सचा नसून त्या फायलींचा आहे: त्यांत मराठी अक्षरे साठवलेलीच नसतात, इंग्रजी अक्षरांना मराठी आकार दिलेला असतो, आणि तो फॉण्ट नसलेल्या विंडोजवरही त्या तशाच दिसतील. अशा फायली परिवर्तक प्रोग्रामच्या साहाय्याने युनिकोड या सर्वत्र चालणाऱ्या अक्षर-संकेतप्रणालीत आणाव्यात आणि नंतर रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावीत. हे काम एकदा करावेच लागते. लिनक्स घेतले नाही तरी करावे लागते.

पहिली-दुसरीच्या बाईंची आणखी एक रास्त तक्रार असते की, पडद्यावर ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात. शासनाने मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ठरवून दिले आहेत. त्यासाठी मराठी वळण असलेला फॉण्ट निवडावा आणि लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवावी. काही फॉण्टमध्ये दोन्ही वळणे असतात आणि भाषा सांगितल्यावरच त्यांतले मराठी वळण पुढे येते. राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणू हे युनिकोड फॉण्ट तसेच मुंबईच्या एक टाइपचा मुक्त हा फॉण्ट लिनक्सवर व्यवस्थित चालतात.

अभ्यासक्रमाला उपयोगी कोणती सॉफ्टवेअर मिळतात?

लहान मुलांसाठी जीकॉम्प्री आणि टक्स पेंट, आकडेमोडीच्या सरावासाठी टक्समॅथ, भूमितीसाठी जिओजेब्रा, आकाशदर्शनासाठी स्टेलॅरियम, रसायनशास्त्राच्या आवर्तसारणीसाठी कॅल्झियम, प्रोग्रामिंगसाठी स्क्रॅच आणि पुढे पायथनसाठी थॉनी, चित्रकामासाठी गिम्प आणि इंकस्केप, ध्वनिमुद्रणासाठी ऑडॅसिटी एवढी नावे सुरुवातीला पुरेत. यांतील जिओजेब्राचा परवाना पूर्णपणे मुक्त नाही, पण शाळेतील विनाव्यावसायिक वापराला अडचण येत नाही. पावसाळ्यात येऊरच्या डोंगरावरही तारे दिसत नाहीत. तेव्हा स्टेलॅरियममध्ये ठाण्याचे अक्षांश-रेखांश भरून त्या रात्रीचे आकाश वर्गात दाखवता येते, आणि मुले ते विसरत नाहीत.

भौतिकशास्त्रासाठी कोलोराडो विद्यापीठाची फेट ही सिम्युलेशन ब्राउझरमध्ये चालतात आणि त्यांतील अनेक मराठीत आहेत. सर्व सॉफ्टवेअर पहिल्या दिवशीच बसवू नये. दोन चांगली वापरली गेली, तर तिसरे शिक्षक स्वतःच मागतात.

यूडायस, सरल, शालार्थ यांची कामे आणि कार्यालयाचा हिशेब लिनक्सवर होतो का?

शाळेची माहिती आणि पगार यांसाठीची ही सरकारी पोर्टल ब्राउझरमध्ये उघडतात, त्यामुळे नोंदी भरण्याचे काम लिनक्सवरील फायरफॉक्स किंवा क्रोमवर करता येते. परंतु टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर लिनक्सवर थेट चालत नाही, आणि डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचे ड्रायव्हर प्रत्येक वेळी सुरळीत बसतीलच असे नाही. म्हणून आमची स्पष्ट सूचना अशी की, लिपिकांच्या टेबलावरील संगणकाला पहिल्या वर्षी हात लावू नये. पगारबिल अडकले तर दोष लिनक्सच्या माथी येतो आणि मुलांच्या कक्षात चाललेले चांगले कामही थांबते.

प्रिंटर आणि प्रोजेक्टर चालतील का?

प्रोजेक्टर सहसा चालतो. प्रिंटरची आधी चाचणी घ्यावी: एचपीच्या बहुतेक प्रिंटरना एचपीलिप या मुक्त ड्रायव्हरचा आधार आहे, तर काही छोट्या लेझर प्रिंटरना कंपनीचा वेगळा ड्रायव्हर शोधून बसवावा लागतो आणि त्यात वेळ जातो. नवीन प्रिंटर घेताना दुकानदाराला लिनक्सवर चालवून दाखवायला सांगावे.

आमची शाळा मुरबाडच्या आतल्या भागात आहे आणि इंटरनेट भरवशाचे नाही. आम्ही काय करावे?

तुमच्यासारख्या शाळेलाच याचा सर्वाधिक उपयोग आहे. तालुक्याच्या ठिकाणी किंवा ठाण्यात चांगले इंटरनेट असताना हव्या त्या गोष्टी एकदा उतरवून घ्याव्यात आणि शाळेत नेऊन बसवाव्यात. किविक्स या प्रोग्रामने संपूर्ण मराठी विकिपीडिया एका फायलीत साठवून जोडणीशिवाय वाचता येतो. कोलिब्री ही शिक्षणसामग्रीची प्रणाली एका संगणकावर बसवली की कक्षातील इतर संगणक साध्या राउटरवरून तिला जोडता येतात, आणि त्यासाठी बाहेरच्या इंटरनेटची गरज पडत नाही. हार्ड डिस्क बिघडलेले संगणक असतील, तर एलटीएसपी या सोयीने ते एका मुख्य संगणकावरून नेटवर्कद्वारे सुरू करता येतात.

वीज वारंवार जात असेल, तर आधी त्या मुख्य संगणकाला यूपीएस द्यावा, बाकीच्यांना नंतर.

लिनक्सला व्हायरस लागत नाही, हे खरे आहे का?

लागूच शकत नाही असे म्हणणे चुकीचे ठरेल, पण विंडोजसाठी लिहिलेले आणि पेनड्राइव्हवरून पसरणारे व्हायरस त्यावर चालत नाहीत. मुलांच्या खात्याला प्रशासकीय अधिकार देऊ नयेत आणि अपडेट वेळेवर करावेत.

मुलांनी काही बिघडवले तर?

बिघडवतीलच, आणि त्यांना तशी मोकळीक असावी. आदर्श संगणक एकदा मनासारखा तयार करून क्लोनझिला या प्रोग्रामने त्याची प्रतिमा, म्हणजे संपूर्ण डिस्कची नक्कल, बाहेरच्या डिस्कवर ठेवावी. मग कोणताही संगणक साधारण अर्ध्या तासाच्या आत पूर्वस्थितीला आणता येतो. मिंटसोबत येणाऱ्या टाइमशिफ्टने प्रणालीतील छोटे बिघाड मागे फिरवता येतात. मात्र मुलांच्या फायली त्यात धरलेल्या नसतात, त्या वेगळ्या साठवाव्यात. शिक्षकांना आपल्या जागेवरून सर्व पडदे पाहायचे असतील, तर व्हेयॉन किंवा एपॉप्टिस हा प्रोग्राम बसवावा.

एक बारीक बिघाड मात्र हमखास फसवतो. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर जूनमध्ये कक्ष उघडला की काही संगणकांवर प्रत्येक संकेतस्थळ असुरक्षित असल्याचा इशारा येतो आणि सगळे नव्या प्रणालीला बोल लावतात. बहुधा मदरबोर्डवरील नाण्याएवढा सीआर२०३२ सेल संपलेला असतो. संगणकाची तारीख त्यामुळे मागे जाते आणि संकेतस्थळांची प्रमाणपत्रे अवैध भासतात. सेल बदलून तारीख लावली की काम होते.

सध्या आमच्याकडे दुकानदाराने बसवून दिलेली, परवाना नसलेली विंडोज आहे. त्यात धोका आहे का?

आहे. प्रताधिकार कायदा १९५७ च्या कलम ६३ ब नुसार, संगणक प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा असून त्याला तुरुंगवास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. त्याखेरीज, परवाना टाळण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सक्रियक प्रोग्राममधून नको ते सॉफ्टवेअर आत येते, ते वेगळेच. मुलांना प्रामाणिकपणाचे पाठ देणाऱ्या संस्थेत चोरीची प्रत चालू असणे आम्हाला मनापासून खटकते.

शासकीय धोरण याला अनुकूल आहे का?

होय. शालेय शिक्षणातील माहिती-तंत्रज्ञानाविषयीच्या २०१२ च्या राष्ट्रीय धोरणात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे म्हटले आहे, आणि केंद्र सरकारने २०१५ मध्ये स्वतःच्या कार्यालयांसाठीही मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. समितीपुढे ठराव मांडताना या दोन्हींचा उल्लेख उपयोगी पडतो.

शिक्षकांना शिकवणार कोण?

पवईच्या आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल हा प्रकल्प शासनाच्या अर्थसाहाय्यातून उभा राहिला असून त्याचे धडे विनामूल्य आहेत. साधारण दहा मिनिटांचा प्रत्येक धडा ऐकत ऐकत शेजारी स्वतः करून पाहायचा, अशी त्याची रचना आहे, आणि लिनक्स, लिब्रेऑफिस, गिम्प यांचे अनेक धडे मराठी निवेदनासह आहेत. धडे उतरवून घेऊन इंटरनेटशिवायही पाहता येतात. यासाठी किमान दोन शिक्षक निवडावेत, आणि त्यांतील एक संगणकाव्यतिरिक्त दुसऱ्या विषयाचे असावेत. एकाच सरांवर सगळे सोपवले आणि त्यांची बदली झाली, की कक्षाला कुलूप लागते.

कंपन्यांकडून दान म्हणून आलेले जुने संगणक घ्यावेत का?

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कंपन्या संगणक बदलतात तेव्हा अशी संधी शाळांना मिळते, आणि ती जरूर घ्यावी, पण ट्रक दाराशी येण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. प्रोसेसर ६४-बिटचा आहे का, रॅम किमान ४ जीबी आहे का, बायोसला (संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रामला) पासवर्ड लावला असल्यास तो काढून मिळेल का, आणि चार्जर किंवा पॉवर केबल सोबत येणार का. बायोसच्या पासवर्डमुळे पेनड्राइव्हवरून प्रणाली बसवणेच अशक्य होते, आणि कंपनीतला तो माहीत असलेला माणूस नंतर सापडत नाही. बंद पडलेले संगणक विनम्रपणे नाकारावेत. ई-कचऱ्याची विल्हेवाट अधिकृत पुनर्चक्रणकर्त्याकडून करून घेण्याची जबाबदारी शाळेवर ओढवून घेऊ नये.

सुरुवात नेमकी कशी करावी?

संकेतस्थळावरून मिंटची फाइल उतरवून व्हेंटॉय किंवा एचर हा प्रोग्राम वापरून ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर घ्यावी. त्यावरून संगणक सुरू केल्यास डिस्कवर काहीही न बदलता संपूर्ण प्रणाली चालवून पाहता येते. आवाज, वायफाय, प्रिंटर आणि मराठी कळफलक याच वेळी तपासावेत. त्यानंतर एकाच संगणकावर ती बसवून तो शिक्षककक्षात ठेवावा, कारण शिक्षकांचा हात बसण्याआधी मुलांसमोर ती आणली तर पहिल्याच तासाला दोघांचाही विरस होतो. दिवाळीच्या सुट्टीत पाच संगणक आणि वार्षिक परीक्षेनंतर उरलेले, या क्रमाने गेल्यास वर्षभरात कक्ष पूर्ण होतो. प्रत्येक संगणकाला क्रमांक देऊन एक नोंदवही ठेवावी आणि तीत प्रणालीची आवृत्ती, बसवल्याची तारीख, आलेला बिघाड व केलेला उपाय मराठीत लिहावा. प्रशासकीय पासवर्ड बंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या कपाटात असावा, आणि तो बदलला की पाकीटही त्याच दिवशी बदलावे.